जेलमधली वकिली : तुमचे प्रश्न

गेल्या अंकात याच सदरात जामिनावर लिहिलं होतं, जामीन मंजूर झाला तरी माणूस लगेच बाहेर येतोच असं नाही वगैरे. त्यावर जी पत्रं आणि मेल आले त्यातले निम्मे तरी जामिनाबद्दल नव्हतेच, मी जे काम करतो त्याबद्दल होते. मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून (गरजूंना मोफत वकील देणारी सरकारी यंत्रणा) फौजदारी केसेसमध्ये आरोपींची बाजू मांडतो आणि आठवड्यातले ठरलेले दिवस कारागृहात जाऊन बसतो. म्हणून या वेळी फक्त त्याच विषयावरचे प्रश्न घेतलेत. पत्रं लांब होती, थोडी छाटलीत आणि नावं काढलीत.

लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला जेलमध्ये सरकारी वकील म्हणून काम करायचंय, घरचे म्हणतात सरकारी वकील म्हणजे एमपीएससी. नेमकी परीक्षा कोणती, पोस्ट पर्मनंट असते का, पगार बरा आहे का?
– विद्यार्थिनी, लातूर

घरच्यांचं अर्धं बरोबर आहे. कोर्टात ज्याला सगळे सरकारी वकील म्हणतात तो सरकार पक्षाची केस चालवतो. त्यातला एपीपी म्हणजे सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीतून भरतात, मॅजिस्ट्रेट कोर्टात काम असतं, आणि जेलशी त्याचा संबंध एवढाच की आतल्या माणसाच्या जामिनाला तो विरोध करतो. दुसरं काम कारागृह विभागाच्या बाजूचं. कैदी हायकोर्टात जातात, फर्लो (शिक्षा भोगताना मिळणारी ठरलेली रजा) नाकारली, पॅरोल (काही कारणासाठीची तात्पुरती सुटका) नाकारला, माफीचे म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस कमी धरले, अशा याचिकांना विभागाची उत्तरं तयार करायला कायदा कळणारा माणूस लागतोच.

तुझ्या पत्रावरून मला वाटतंय की तुला यातलं काहीच नकोय, तुला आत बसलेल्या माणसासाठी उभं राहायचंय. त्यासाठी लोक अभिरक्षक कार्यालय बघ, म्हणजे आरोपींना मोफत वकील देणारं ऑफिस. नालसाने म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये ही योजना आणली, आधी पॅनेलवरचे वकील आपली प्रॅक्टिस सांभाळून लीगल एडच्या केसेस घ्यायचे, आता जिल्ह्याला पूर्णवेळ टीम असते. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारीची किमान १० वर्षं प्रॅक्टिस लागते, उपमुख्यला ७ वर्षं, आणि सहायकाची पोस्ट ० ते ३ वर्षंवाल्यांसाठी आहे, म्हणजे वकिलीची सनद मिळाली की तू अर्ज करू शकतेस. जाहिरात जिल्हा न्यायालयाच्या आणि प्राधिकरणाच्या वेबसाइटवर येते, निवड जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती करते. पर्मनंट नाही, कंत्राटी आहे, पगाराला मानधन म्हणतात, आणि खाजगी केस एकही घेता येत नाही. आकडा जिल्ह्याप्रमाणे बदलतो म्हणून इथे लिहीत नाही, पण घरच्यांना सरकारी नोकरीची सुरक्षितता हवी असेल तर ती यात नाही हे त्यांना आधीच सांगून टाक.

आणि एक सांगतो, आत्तापासून सेशन्स कोर्टात नुसती जाऊन बसत जा. उलटतपास कसा घेतात ते बघ, पंचनामा वाचायला शिक, हाताने लिहिलेला, कार्बनची तिसरी कॉपी असलेला पंचनामा. जेलमधल्या माणसाबद्दल कळवळा असणं चांगलंच आहे पण त्याला कळवळ्याने जामीन मिळत नाही, स्टेशन डायरीतली वेळ आणि पंचनाम्यातली वेळ जुळत नाही हे जिला दिसतं ती वकील त्याला हवी असते.

तुम्ही लोक कारागृहात जाऊन नक्की करता काय? कोर्ट तर बाहेर आहे.
– निवृत्त शिक्षक, सातारा

सर, प्रश्न साधा वाटतो पण मला सगळ्यात जास्त याच्यावरच लिहायचंय.

गेटवर मोबाइल जमा, ओळखपत्र दाखवायचं, रजिस्टरला नोंद, झडती, मग आत. लीगल एड क्लिनिक म्हणजे एक खोली, टेबल, खुर्च्या आणि एक कपाट. आतलेच थोडे शिकलेले बंदी विधी स्वयंसेवक म्हणून काम करतात, ते बॅरेकमधून चिठ्ठ्या गोळा करून ठेवतात. चिठ्ठीवर नाव, बॅरेक नंबर, कोर्टाचं नाव, आणि खाली बहुतेक वेळा एकच ओळ असते, माझी पुढची तारीख काय.

बाहेरच्याला वाटेल यात काय मोठं, पण आतल्या माणसाला तारीख कळायला मार्गच नसतो. तारखेला कोर्टात न्यायला पोलीस गार्द (बरोबर जाणारे पोलीस) लागते, गार्द मिळाली नाही की माणूस बॅरेकमध्येच राहतो, कोर्टात रोजनाम्याला (केसच्या तारखेच्या नोंदीत) नोंद होते की आरोपी हजर नाही आणि केस पुढे ढकलली जाते. व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्सिंग) असेल तर स्क्रीनसमोर रांग लागते, एकेकाला काही सेकंद, साहेब काहीतरी म्हणाले पण आवाज तुटला, आणि पुढचा माणूस आला. मग तो महिनाभर विचार करत बसतो की आपली केस चालू आहे की बंद पडली. म्हणून मी आदल्या दिवशीच ई-कोर्ट्सवर (कोर्टांच्या वेबसाइटवर) प्रत्येकाचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक टाकून स्टेटस काढतो, प्रिंट घेतो आणि आत गेल्यावर वाचून दाखवतो, तुमच्या केसमध्ये चार्ज फ्रेम व्हायचाय (आरोप निश्चित व्हायचेत), तुमच्यात दोन साक्षीदार झालेत तिसऱ्याला समन्स गेलंय, तुमचा जामीन अर्ज या तारखेला बोर्डावर आहे. तो कागद घडी करून खिशात ठेवतात लोक. मला विचाराल तर जेलमधल्या वकिलाचं पहिलं काम हेच आहे, माणसाला त्याची केस कुठे आहे हे सांगणं, आणि न चुकता परत जाऊन पुन्हा सांगणं. बाकी सगळं त्याच्यानंतर सुरू होतं, कारण एकदा का त्याला कळलं की हा परत येतो, मग तो खरं काय ते बोलायला लागतो.

आणि बोलताना काय काय निघतं. एक तरुण मुलगा होता, प्लास्टिकच्या पिशवीत कागद गुंडाळून आला, म्हणाला साहेब माझा जामीन झालाय असं भाऊ मुलाकातीला येऊन सांगून गेला मग मला सोडत का नाहीत. कागद बघितले तर जामीन खरंच मंजूर होता, २५ हजारांचा, जामीनदारासह, आणि जामीनदारही उभा राहिलेला. पण मधल्या काळात दुसऱ्या पोलीस स्टेशनने प्रॉडक्शन वॉरंटवर (जेलमधल्या माणसाला दुसऱ्या केसमध्ये हजर करायच्या कोर्टाच्या आदेशावर) त्याचा ताबा घेतला होता, दोन दिवस कस्टडी, परत जेल, आणि त्या दुसऱ्या केसमध्ये त्याला वकील नव्हता, जामिनाचा अर्जही नव्हता. त्याला वाटत होतं ती जुन्याच केसची चौकशी आहे. घरच्यांना तर दुसरी केस आहे हेच माहीत नव्हतं. त्याच खोलीत वकीलपत्रावर सही घेतली, ड्युटीवरच्या तुरुंगाधिकाऱ्याने सही ओळखून शिक्का मारला, आणि अर्ज दुसऱ्या कोर्टात गेला. यात मोठा युक्तिवाद वगैरे काही नव्हता, फक्त कुणीतरी समोर बसून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बघायची गरज होती.

जामीन होऊनही आत राहणाऱ्यांचा दुसरा मोठा गट म्हणजे ज्यांना जामीनदार मिळत नाही. ठाणे मुंबईकडे हे फार बघायला मिळतं, बिहारचा किंवा ओडिशाचा मजूर, इथे ओळखीचं कोण, सॉल्वन्सी (जामीनदाराच्या ऐपतीचा दाखला) कुठून आणणार. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर स्पष्ट सूचना दिल्यात. जामिनाच्या आदेशाची सॉफ्ट कॉपी कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अधीक्षकांना ईमेलने पाठवायची, ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, एक महिन्यात जामीनपत्र भरता आलं नाही तर कोर्ट स्वतःहून अटी शिथिल करायचा विचार करू शकतं, आणि जामीनदार स्थानिकच पाहिजे हा आग्रह सुटकेच्या आड येत असेल तर कोर्टाने ती अट घालू नये. सूचना चांगल्या आहेत पण यादी आपोआप हलत नाही, कुणीतरी दर आठवड्याला अधीक्षकांच्या ऑफिसमध्ये जाऊन विचारायला लागतं की जामीन होऊन आत कोण कोण आहे. मग कुणासाठी पीआर बाँडचा (जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर सुटायचा) अर्ज, कुणासाठी तात्पुरत्या कॅश बेलचा (जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून सुटायचा), कुणाची रक्कम कमी करून मागायची. केंद्राची २०२३ ची गरीब कैद्यांसाठीची योजना पण आहे, ती आली तेव्हा न्यायाधीन म्हणजे खटला चालू असलेल्या बंद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड न भरल्यामुळे अडकलेल्या शिक्षा झालेल्या माणसासाठी २५ हजारांपर्यंत मदत ठरली होती, जिल्ह्याची समिती ते मंजूर करते. सगळ्या गुन्ह्यांना लागू नाही, पण ज्यांना लागू आहे त्यांची नावं समितीपर्यंत पोचवणं हेही आमचंच काम.

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चोर, खुनी, बलात्कारी यांना आमच्या टॅक्सच्या पैशातून वकील कशाला? ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना कोण वकील देतं?
– व्यावसायिक, नाशिक

राग कशाला, हा प्रश्न माझ्या घरातही विचारला गेलाय.

आधी दुसरा भाग. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाही याच कायद्यातून वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याचं कलम १२ वाचा, सगळ्या महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, मानवी तस्करीचे बळी, आपत्तीत सापडलेले, आणि उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असलेले कुणीही. महिला, मुलं, एससी-एसटी यांना उत्पन्नाची अटही नाही. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी आपल्या राज्यात मनोधैर्य योजना आहे, तिचं कामही जिल्हा प्राधिकरणाकडूनच होतं. म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला दिलं असं नाही, एकाच ऑफिसमध्ये दोघंही येतात.

आता पहिला भाग. तुम्ही चोर, खुनी म्हणता, पण २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगात दर चार माणसांमागे तीन जणांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. यातले किती सुटतील किती अडकतील ते कोर्ट ठरवेल, पण तोपर्यंत ते आरोपी आहेत आणि आत आहेत. १९७९ चा हुसैनारा खातून खटला मुद्दाम वाचा, बिहारच्या तुरुंगात असे लोक सापडले जे गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ खटल्याची वाट बघत आत होते. गरीब होते, वकील नव्हता, कुणाला आठवणही नव्हती. मोफत वकील हा राज्यघटनेच्या कलम २१ च्याच, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे हे सुप्रीम कोर्टाने त्या प्रकरणात ठामपणे सांगितलं.

आणि एक गोष्ट तुमच्यासारख्या माणसाला पटेल असं वाटतं. आरोपीला नीट वकील मिळाला नाही तर झालेली शिक्षा टिकत नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे मध्य प्रदेशातली एक फाशीची केस होती, लहान मुलीवरचा अत्याचार आणि खून. खालच्या कोर्टात ज्या दिवशी आरोपीला मोफत वकील नेमला त्याच दिवशी चार्ज फ्रेम झाला, वकिलाने फाइल वाचायला वेळ तरी कुठून आणायचा, आणि खटला काही दिवसांत उरकला. सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालवायला सांगितला. आता त्या मुलीच्या आईवडिलांचा विचार करा, त्यांना पुन्हा पहिल्यापासून कोर्टाच्या पायऱ्या चढायला लागल्या. त्याच निकालात कोर्टाने सांगितलं की जिथे जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते तिथे मोफत वकील किमान १० वर्षं प्रॅक्टिसचा हवा आणि फाशीच्या शक्यतेच्या केसेसमध्ये तयारीला किमान ७ दिवस द्यावेत. आरोपीचा वकील चांगला असणं यात फिर्यादीचंही हित आहे हे मी मनापासून मानतो.

माझा मुलगा चौदा महिने झाले जेलमध्ये आहे. मोबाइल चोरल्याची केस, कागदावर कलम ३०३(२) लिहिलंय. पहिलीच केस. एका वकिलाला ४० हजार दिले, दागिना मोडून दिले, आता ते फोन घेत नाहीत आणि फाइलपण देत नाहीत. सरकारी फुकट वकील मिळेल का? पण लोक म्हणतात फुकटचा वकील लक्ष देत नाही.
– एक आई, सोलापूर जिल्हा

ताई, वकील मिळेल, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वगैरे काही लागत नाही. जो कोठडीत आहे त्याला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकिलाचा हक्क आहे. तुम्ही सोलापूरला जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाच्या ऑफिसला जाऊन साधा अर्ज द्या, किंवा १५१०० या नंबरला फोन करा, किंवा पुढच्या मुलाकातीला मुलाला सांगा की तिथल्या लीगल एड क्लिनिकला चिठ्ठी दे. तिन्हीतलं काहीही चालतं.

फाइलचं म्हणाल तर फी राहिली म्हणून वकिलाला फाइल अडवून ठेवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २००० साली हे ठरवलंय. आधी त्यांना लेखी पत्र द्या, रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, नाही दिली तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार. पण त्याच्यात अडकून थांबू नका, चार्जशीटची नक्कल नवा वकील कोर्टातून काढून घेईल, त्यासाठी जुन्या वकिलाची वाट बघायला नको.

आता महत्त्वाचं, जे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. कलम ३०३(२), म्हणजे भारतीय न्याय संहितेतलं चोरीचं कलम, त्याला जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षं. नवीन कायद्यात म्हणजे बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सीआरपीसीच्या जागी आलेली) मध्ये कलम ४७९ आहे, ज्याला पूर्वी कधीही शिक्षा झालेली नाही अशा माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बाँडवर सोडायचं. ३ वर्षांचा एक तृतीयांश म्हणजे १ वर्ष. तुमचा मुलगा १४ महिने आत आहे. आणि हा काळ पूर्ण झाला की कोर्टाकडे लेखी अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर कायद्यानेच टाकलीय, म्हणजे वकील नसला तरी हे व्हायला हवं. दर जिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांची आढावा समिती असते, जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर, एसपी, अधीक्षक आणि प्राधिकरणाचे सचिव असे सगळे असतात, तिथेही हे नाव जायला पाहिजे.

मग झालं का नाही? याची कारणं शोधावी लागतील. एक म्हणजे त्याच्यावर दुसरी केस पेंडिंग असेल तर या कलमाचा फायदा मिळत नाही, आणि एकाच केसमध्ये दोन-तीन गुन्ह्यांची कलमं लावलेली असली तरी सरकार पक्ष हाच मुद्दा काढतो. तुम्ही पहिलीच केस म्हणताय पण मोबाइलच्या केसेसमध्ये पकडलेल्या मुलाच्या नावावर आजूबाजूच्या स्टेशनच्या जुन्या चोऱ्याही टाकलेल्या मी बघितल्यात, म्हणून त्याला स्पष्ट विचारा की मधे कधी दुसऱ्या पोलिसांनी नेलं होतं का. दुसरं म्हणजे त्याच्याच बाजूने तारखा घेऊन उशीर झाला असेल तर तेवढा काळ वजा होतो. आणि तिसरं, ४७९ बसलं नाही तरी साधा जामीन अर्ज आहेच, चौदा महिने, तीन वर्षांची केस, मॅजिस्ट्रेटपुढे चालणारी, हे मुद्दे कमी नाहीत. तुमच्या पत्रात जामीन अर्ज कधी केला, फेटाळला की केलाच नाही याचा उल्लेखच नाही, ते पहिल्यांदा ई-कोर्ट्सवर बघायला सांगा कुणालातरी.

फुकटचा वकील लक्ष देत नाही हे मी पूर्ण खोटं म्हणणार नाही. काही देत नाहीत. पैसे घेणारेही देत नाहीत हे तुम्ही स्वतः अनुभवलंयत. फरक एवढा की आमच्यावर तक्रार करायला एक ठिकाण आहे, वकील जेलमध्ये येत नाही, कोर्टात उभा राहत नाही असं वाटलं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लिहा, ते स्वतः न्यायाधीश असतात, वकील बदलून मिळतो. आणि कुणी लीगल एडचा वकील टायपिंगला, झेरॉक्सला, चहापाण्याला म्हणून एक रुपया जरी मागत असेल तर देऊ नका, लगेच कळवा.

मुलगी वकील आहे, लीगल एडमधून जेलमध्ये जाते. आम्हाला रात्री झोप लागत नाही. सुरक्षित असतं का?
– पालक, अमरावती

हो. कर्मचारी जवळपास असतात, येणंजाणं सगळं नोंदून होतं, आणि आत बसलेल्याला तिचीच सगळ्यात जास्त गरज आहे हे त्याला पुरतं माहीत असतं. महिला विभागात तर महिला वकिलाशिवाय नीट काम होतच नाही, तिथे सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर राहतात, त्यांचं खाणं, लस, अंगणवाडी, सहा वर्षं झाल्यावर मूल कुठे जाणार, हे प्रश्न बाया पुरुष वकिलापुढे काढतच नाहीत. तुमची मुलगी काय करते ते तिला एकदा सविस्तर विचारा, ती सांगेल.

आमच्या जिल्ह्यात भेटीच्या वेळी जेलचा शिपाई अगदी खांद्याशी उभा राहतो. अशील काही बोलतच नाही. भांडावं का?
– नवीन वकील

भांडू नका, लेखी मागा. कर्मचाऱ्याला दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी भेट हवी, एवढं एका ओळीचं पत्र अधीक्षकांना द्या, प्रत सचिवांना. वकिलाला भेटणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे हे १९८१ च्या फ्रान्सिस कोरली म्युलिन निकालात आहे, त्याचा उल्लेख करा. शिपायाला वरून जे सांगितलंय ते तो करतो, त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही आणि उद्या तुमचं वकीलपत्र गेटवरून आत न्यायला तोच मदत करणार आहे.

माझ्या धाकट्या भावाला खुनाच्या केसमध्ये २०१४ साली जन्मठेप झाली, घटना २०११ ची. पैसे नव्हते म्हणून अपील केलंच नाही. आता घर आवरताना त्याचा शाळेचा दाखला सापडला, त्यावरच्या जन्मतारखेप्रमाणे घटनेच्या वेळी तो सतरा वर्षं चार महिन्यांचा होतो. पोलिसांनी १९ लिहिलं होतं. आता काही होऊ शकतं का की वेळ गेली?
– शेतकरी, नांदेड जिल्हा

दादा, वेळ गेलेली नाही. हे पत्र वाचून मी पहिल्यांदा तुमच्या जिल्ह्यातल्या सहकाऱ्याला फोन केला, तुम्ही पत्ता दिला होता म्हणून, तो तुम्हाला भेटेल. तरी इथे सगळं लिहितो कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरात असाच दाखला पेटीत पडलेला असू शकतो.

अपिलाचं आधी सांगतो. शिक्षा झालेल्या माणसाला निकालाची प्रत फुकट मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही, हे सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय, हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र सरकार, म्हणजे आपल्याच राज्याची केस. तुरुंगातून अधीक्षकांमार्फत अपील पाठवता येतं, त्याला जेल अपील म्हणतात. तुमच्यासाठी औरंगाबाद खंडपीठाची विधी सेवा उपसमिती वकील देईल. उशीर झालाय तो माफ करण्याचा अर्ज सोबत जोडायचा, त्यात पैसे नव्हते, मोफत अपील करता येतं हे कुणी सांगितलं नाही, हे जसं घडलं तसं साध्या शब्दांत लिहायचं. अशी उशिराची अपिलं हायकोर्ट ऐकतं.

आता वयाचा मुद्दा, आणि हा त्याहून मोठा आहे. घटनेच्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर तो कायद्याने बालक होता, त्याचा खटला बाल न्याय मंडळापुढे चालायला हवा होता, जन्मठेप होऊच शकत नव्हती. नवीन कायद्यात १६ ते १८ च्या मुलावर गंभीर गुन्ह्यात मोठ्यांसारखा खटला चालवता येतो, पण तो कायदा जानेवारी २०१६ पासून लागू झालाय, तुमची घटना २०११ ची, तेव्हा २००० चा कायदा होता आणि त्यात ही सोय नव्हती. वयाचा दावा कुठल्याही कोर्टापुढे, कुठल्याही टप्प्यावर करता येतो, केस पूर्ण संपल्यावरसुद्धा, हे कायद्यातच लिहिलंय.

तुम्हाला धीर यावा म्हणून एक खरी केस सांगतो. १९९४ मध्ये पुण्यात एका कुटुंबातल्या सात जणांचा खून झाला होता, त्यात एकाला फाशीची शिक्षा झाली, वरपर्यंत कायम झाली. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याच्या गावच्या, राजस्थानातल्या शाळेच्या नोंदी पुढे आल्या. खटल्यात त्याचं नाव वेगळं पडलं होतं आणि शाळेच्या नोंदीत वेगळं, म्हणून तोच हा माणूस का, याचीही चौकशी झाली. शेवटी मार्च २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, आणि २८ वर्षांहून जास्त काळ आत काढून तो नागपूर जेलमधून बाहेर आला. इतक्या वर्षांत त्याला भेटलेल्या कुणी एकाने सुरुवातीलाच शाळा कुठली, कितवीपर्यंत शिकलास, एवढं विचारून शाळेला पत्र टाकलं असतं तर. मी म्हणूनच प्रत्येक तरुण दिसणाऱ्या माणसाला पहिल्या भेटीत शाळेचं नाव विचारतो, पोलिसांनी लिहिलेलं वय हे बहुतेक वेळा अंदाजाने लिहिलेलं असतं.

तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. सापडलेला दाखला हा पहिला पुरावा, पण नुसत्या दाखल्यावर थांबू नका. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा (दाखल मुलांच्या नोंदवहीचा) उतारा मागा, मुख्याध्यापकांच्या सही शिक्क्याचा, आणि तो पहिलीत ज्या शाळेत दाखल झाला त्याच शाळेचा, नंतरच्या शाळेने तारीख आधीच्या दाखल्यावरून उतरवलेली असते. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे का बघा, त्यावेळी घरी बाळंतपण झालं असेल तर नसेलही, त्याने बिघडत नाही, कायद्यात शाळेची नोंद आधी धरतात, ती नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची, आणि दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी. नावात किंवा वडिलांच्या नावात एखाद्या अक्षराचा फरक असेल तर आत्ताच सहकाऱ्याला सांगा, नंतर सरकार पक्षाने काढण्यापेक्षा आपण आधी सांगितलेलं बरं. वरच्या भावंडांच्या जन्मतारखाही शाळेतून काढा, दोन भावांत सहा महिन्यांचं अंतर निघालं तर कोर्ट पहिल्यांदा तेच विचारेल.

मूळ दाखला कुणाच्याही हातात देऊ नका, माझ्या सहकाऱ्याच्यासुद्धा नाही. त्याच्या तीन-चार साक्षांकित प्रती काढा, मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघातिघांना पाठवून ठेवा, आणि मूळ कागद कोर्ट मागेल तेव्हाच घेऊन या. भावाला पुढच्या मुलाकातीत एवढंच विचारा की त्याला पहिलीत कुणी घातलं होतं आणि वर्गात बरोबर कोण होतं, ती नावं लिहून आणा, रजिस्टरला शेजारच्या ओळीत तीच नावं असतील.